इंजेक्शन कमी दुखावं म्हणून काय काय करता येतं, आणि ते का चालतं

आपल्याकडे लहान पोराला गप्प करायचा एक हमखास उपाय आहे, "थांब, डॉक्टरकाकांना सांगते इंजेक्शन द्यायला". जेवत नाही, इंजेक्शन. झोपत नाही, इंजेक्शन. पाहुण्यांसमोर दंगा केला, थांब सुईवाल्या सिस्टरला बोलावते. आणि मग पाच वर्षांचा बूस्टर आला की तेच पोर दवाखान्याच्या पायरीपासून भोकाड पसरतं आणि आपण वर तोंड करून सांगतो, अरे काही दुखत नाही रे, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त. म्हणजे चार वर्षं त्याला शिकवलं की सुई ही शिक्षा आहे आणि ऐन वेळी सांगायचं की ते काहीच नाही. त्याने नक्की काय धरायचं?

तर पहिला उपाय एकदम फुकट आहे, आजपासून ही धमकी बंद. तुम्ही बंद केली तरी घरात आजी-आजोबा, शेजारच्या काकू, रिक्षावाले काका असे सगळे ती देतच असतात, त्यांनाही सांगून ठेवा, थोडे नाराज होतील पण होऊ दे. हे मी संस्कार वगैरे म्हणून सांगत नाहीये, याचा दुखण्याशी अगदी थेट संबंध आहे. सुई टोचते दंडाला, पण किती दुखलं हे मेंदूत ठरतं आणि ते ठरवताना मेंदू फक्त दंडाकडून काय निरोप आला तेवढंच बघत नाही, आधी काय ऐकलंय, आत्ता लक्ष कुठे आहे, जवळ कोण आहे, मागच्या वेळी काय झालं होतं, हे सगळं तो हिशोबात धरतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत आपण हात घालू शकतो, सुई तीच राहिली तरी.

कोणी म्हणेल हे सगळं मनाचे खेळ. मग हे वाचा. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. मोठमोठ्या जखमा, हाडं मोडलेली, पोटात तुकडे घुसलेले, पण माणसं शुद्धीवर. त्याने त्यांना सरळ विचारलं की दुखतंय का, औषध देऊ का, तर जवळपास तीन चतुर्थांश जण नको म्हणाले. १९४६ साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं होतं की त्या सैनिकासाठी जखम म्हणजे सुटका होती, जीव वाचला, आता मागे पाठवतील, घरी जायला मिळेल. आणि यातला माझा आवडता भाग पुढे आहे, हीच माणसं रक्त काढताना कोणी धसमुसळेपणाने सुई घातली की आपण ओरडतो तशीच ओरडायची. म्हणजे नसा बिघडल्या नव्हत्या की बधिर झाल्या नव्हत्या, पोटातल्या जखमेचा अर्थ वेगळा होता आणि सुईचा वेगळा.

आधी स्वतःवर करून बघा

मुलांवर काही करायच्या आधी हे स्वतःच्या हाताने अनुभवलेलं बरं, नाहीतर विश्वास बसत नाही. एका पातेल्यात नळाचं पाणी घ्या, फ्रीजरमधला बर्फाचा आख्खा ट्रे त्यात रिकामा करा, पाच मिनिटं थांबा. ज्यांना हार्टचा त्रास आहे, बीपी जास्त असतं, प्रेग्नंट आहेत किंवा थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनी हे करू नका, लहान मुलांना तर करायला देऊच नका, आणि बाकीच्यांनीसुद्धा कुठल्याही फेरीत एक मिनिटाच्या वर हात ठेवायचा नाही.

पहिली फेरी, मनगटापर्यंत हात बुडवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि हाताकडेच बघत बसा, किती दुखतंय याचाच विचार करा. सुरुवातीला नुसतं गार लागतं, मग थोड्या वेळाने गारपणा मागे पडतो आणि बोटांच्या हाडात कळ यायला लागते, ती हळूहळू मनगटाकडे चढते आणि नको नको होतं. हात कधी काढावासा वाटला तो सेकंद लक्षात ठेवा. हात पुसा, चांगला गरम होऊ द्या. दुसऱ्या फेरीत हात बुडवल्यावर शंभरातून सात वजा करत जा, त्र्याण्णव, श्याऐंशी, एकोणऐंशी, मोठ्याने, चुकलात तर परत पहिल्यापासून. किंवा एकोणतीसचा पाढा म्हणा, आपल्यातल्या बहुतेकांना तो येत नाही त्यामुळे डोकं छान गुंतून पडतं. बऱ्याच जणांना या फेरीत तीच कळ लांबून आल्यासारखी वाटते, पाणी तेवढंच गार असताना.

तिसरी फेरी शिव्यांची. मी गंमत करत नाहीये, इंग्लंडमधल्या कील युनिव्हर्सिटीत रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अगदी हेच केलं होतं, गार पाण्यात हात आणि तोंडाने शिवी, आणि साधा शब्द म्हणणाऱ्या फेरीपेक्षा शिवी देताना लोकांनी हात जास्त वेळ टिकवला. नंतरच्या प्रयोगात दिसलं की जे लोक दिवसभर येताजाता शिव्या देतात त्यांना फायदा कमी होतो, म्हणजे हे औषध जपून वापरायचं आहे. २०२० मध्ये त्यांनी नव्याने बनवलेले, शिवीसारखे वाटणारे पण खोटे शब्द वापरून बघितले तर त्यांनी काहीच फरक पडला नाही. त्यामुळे "अगं बाई भोपळा" टाइप सोज्वळ शिव्यांनी भागेल असं दिसत नाही. दवाखान्यात हे कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मनातल्या मनात दिली तर चालते का याची खात्री मी देऊ शकत नाही.

चोळायचं की नाही

कोपर आपटलं की आपण न शिकवता ते चोळतो, पोराचं ढोपर फुटलं की आई फुंकर घालते. याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं, त्याला गेट कंट्रोल थिअरी म्हणतात. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत दुखण्याचे निरोप वर जायच्या आधी एक फाटक लागतं आणि स्पर्श, दाब, कंप असले निरोप जाड नसांतून जोरात आले की ते फाटक थोडं मिटलं जातं. फाटक वरूनही, म्हणजे मेंदूकडूनही, उघडता-मिटता येतं, आणि खरं नवीन काय होतं तर हे. त्यांनी काढलेल्या नकाशातले बारकावे पुढे बदलले पण मूळ कल्पना टिकली.

आता हे वाचून लोक काय करतात तर इंजेक्शनची जागा खसाखसा चोळतात. ते नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस देताना दुखणं कमी कसं करायचं याच्या शिफारशी काढल्या, त्यात लसीच्या जागी घासणं किंवा चिमटा काढणं हे सुचवलेलं नाही, उलट नको म्हटलंय. त्याच यादीत लस कोमट करून देणं आणि आधीच पॅरासिटामॉल पाजून नेणं हेही नकोमध्येच आहे. आधीच पॅरासिटामॉल देणारे आईबाप आपल्याकडे भरपूर आहेत, तर ते नंतर ताप आला आणि डॉक्टरांनी सांगितलं तर द्यायचं, आधी नाही. रक्त काढताना किंवा सलाइनची सुई लावताना मात्र सुईच्या जागेच्या थोडं वर, खांद्याच्या बाजूला, गार पॅक आणि थरथरणारं छोटं यंत्र धरल्याने मुलांना कमी दुखतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, परदेशात त्याची मधमाशीच्या आकाराची खेळणी मिळतात. आपल्याकडे कोणाकडे असेल तर छान, नसेल तर त्यासाठी जीव टाकायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की आधी एक टोकदार चमक येते, मग मध्ये छोटीशी शांतता, आणि सेकंदभराने ती ठणकणारी, जळजळणारी कळ येते. या दोन वेगळ्या नसा आहेत, पहिली सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने निरोप नेते आणि दुसरी जेमतेम मीटरभर, म्हणून पायाच्या बोटापासून निघालेला दुसरा निरोप उशिरा पोचतो. इंजेक्शनमध्येही दोन भाग असतात, सुई शिरतानाची टोच आणि मग औषध स्नायूत जाताना येणारा ठणका. टोच आपण लक्ष वळवून कमी करू शकतो, ठणक्यासाठी स्नायू सैल असणं जास्त कामाचं. दंड आवळून धरला की नंतरही जास्त दुखत राहतो. सैल कसा सोडायचा तर कोपर वाकवून हात मांडीवर टाकून द्यायचा, खांदा खाली पाडायचा आणि सुईच्या वेळी तोंडाने लांब श्वास सोडायचा, श्वास रोखून धरला की खांदा आपोआप वर चढतो.

बोलायचं काय

यात आपण सगळ्यात जास्त चुकतो आणि सुधारायला सगळ्यात सोपं हेच आहे.

बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाच्या वेळी वेदना कमी करायला पाठीत एपिड्युरल देण्याआधी जागा बधिर करायचं जे छोटं इंजेक्शन असतं त्यावर एक अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. काही बायकांना सांगितलं की आता बधिर करायचं औषध देतोय, त्याने ही जागा सुन्न होईल आणि तुम्हाला त्रास होणार नाही. बाकीच्यांना सांगितलं की आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होणार, सगळ्यात वाईट भाग हाच आहे. सुई तीच, औषध तेच, जागा तीच, आणि मधमाशीवाल्यांनी दुखण्याला दहापैकी साधारण ५ गुण दिले, दुसऱ्यांनी ३. आपल्या मुंगीचं काय होत असेल याचा विचार करा. सांगणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय, ऐकणारा मुंगीची वाट बघत बसतो.

दुसरं टोक म्हणजे "काही दुखणार नाही". हे खोटं आहे आणि ते दोन सेकंदात उघडं पडतं, पुढच्या वेळी तुमचं कुठलंच वाक्य चालत नाही. तिसरा प्रकार म्हणजे "घाबरू नको, घाबरू नको, झालं हं झालं, सॉरी बाळा सॉरी", हे आपण प्रेमाने म्हणतो पण मुलांच्या इंजेक्शनच्या खोलीत व्हिडिओ लावून केलेल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय की असल्या धिराच्या आणि माफीच्या बोलण्यासोबत मुलं जास्त घाबरतात, आणि दुसऱ्याच विषयावरच्या गप्पा, विनोद, श्वासाच्या सूचना यांच्यासोबत कमी. मुलाच्या बाजूने बघा ना, आई एरवी सॉरी कधी म्हणते? काहीतरी भयंकर होणार असल्याशिवाय ती अशा आवाजात का बोलेल?

मग म्हणायचं काय. घरून निघताना, फार आधी नाही, लहान असेल तर त्याच दिवशी आणि सात-आठ वर्षांचं असेल तर आदल्या दिवशी, साध्या आवाजात सांगायचं की आज लस घ्यायची आहे, दंडावर देतात, थोडंसं टोचेल, काही मुलांना नुसता दाब लागतो, तुला कसं लागतं ते मला नंतर सांग. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्याने पोर बळी असल्यासारखं न बसता बघणारं होतं. तिथे गेल्यावर त्याला एक-दोन खऱ्या गोष्टी निवडू द्या, डावा हात की उजवा, मांडीवर बसायचं की खुर्चीवर, बघायचं की नाही बघायचं. लस घ्यायची का हे विचारू नका, नाही म्हणाला तर काय करणार आहात?

बघावं की नाही यावर लोक भांडतात. जर्मनीतल्या एका गटाने २०१२ मध्ये दाखवलं की आपलाच वाटावा अशा हातात सुई टोचताना पडद्यावर बघितलं की त्याच वेळी बोटाला दिलेला झटका जास्त वाईट वाटतो. त्यामुळे साधारण नियम म्हणजे बघू नये. पण काही मुलं आणि काही मोठी माणसं अशी असतात की न बघितलं तर त्यांची जास्त वाट लागते, त्यांना कधी येतेय ते कळलं पाहिजे असतं. अशांना बघू द्या, मान जबरदस्तीने फिरवू नका.

तान्ह्या बाळाचं वेगळं

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस सगळ्यात जास्त रडवतात, कारण बऱ्याचदा एकाच दिवशी एकाहून जास्त सुया असतात. इतक्या लहान बाळाला काय कळतंय असं अजूनही म्हणणारे भेटतात. हे नुसतं घरचं अज्ञान नाही, अगदी १९८० च्या दशकापर्यंत कितीतरी ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलेवर केली जायची कारण त्यांना दुखत नाही असं डॉक्टरच मानायचे. इंदूरला मेडिकल करून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजित सिंग आनंद यांनी १९८७ साली कमी दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासातून दाखवलं की नीट वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशननंतर कितीतरी चांगली राहतात, आणि तिथून चित्र बदललं. पुढे १९९७ मध्ये कॅनडाच्या ॲना टॅडिओ यांच्या अभ्यासात दिसलं की जन्मानंतर बधिर न करता सुंता झालेले मुलगे चार-सहा महिन्यांनी लसीच्या वेळी जास्त रडले. म्हणजे कळतंही आणि कुठेतरी नोंदही राहते.

बाळाला टेबलावर उताणं पाडून पाय दाबून धरू नका, कडेवर किंवा मांडीवर छातीशी धरा, मांडी तेवढी उघडी ठेवा. अंगावर पाजत असाल तर सुईच्या आधीच दोन मिनिटं सुरू करा आणि सुईच्या वेळी आणि नंतरही चालू ठेवा, घशात अडकेल अशी भीती बऱ्याच आयांना आणि सिस्टरनाही वाटते पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत हा उपाय आहे. गर्दीत पाजणं अवघड वाटत असेल तर ओढणी नाहीतर दुपटं घेऊन जा आणि आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी सिस्टर घाईत असतात. मध चाटवू नका, एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो. तोंडाने द्यायचे थेंब आधी, सुया नंतर, आणि सुयांतही जी जास्त झोंबते ती शेवटी, हे सिस्टरना माहीत असतं, नुसतं "जास्त दुखणारी शेवटी द्याल का" एवढं विचारायला हरकत नाही. सुई घातल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघायची जुनी पद्धत लसींसाठी लागत नाही, त्याने सुई आत जास्त वेळ राहते, पण हे तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका, आपल्या हातात नाही ते सोडून द्यायचं.

वर्षा-दीड वर्षाच्या पुढे साबणाचे फुगे उत्तम. स्वस्त, खिशात मावतात आणि फुगा फुंकायचा तर श्वास लांब सोडावाच लागतो, म्हणजे लक्षही वळलं आणि दंडही सैल पडला. मोबाइलवर व्हिडिओ चालतो पण नुसता समोर धरून उपयोग नाही, त्यात प्रश्न विचारत राहा, हा कुठे चाललाय, याच्या टोपीचा रंग कुठला. सुई टोचायच्या क्षणी नाही, खोलीत शिरतानाच सुरू करायचं.

बधिर करायचं क्रीम मिळतं, लिग्नोकेन-प्रिलोकेनचं. ते लावून वरून चिकटपट्टी लावून साधारण तासभर ठेवावं लागतं तेव्हा कुठे चालतं, दवाखान्याच्या पायरीवर लावून काही होत नाही. वारंवार रक्त काढावं लागणाऱ्या मुलांसाठी हे वरदान आहे, पण तान्ह्या बाळाला डॉक्टरांना न विचारता अजिबात लावू नका आणि कुठे किती लावायचं तेही त्यांनाच विचारा.

झाल्यावर लगेच पळू नका

सुई निघाली की आपण पोराला उचलतो आणि रडतं तसंच बाहेर आणतो. इथे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा १९९३ चा प्रयोग आठवतो. लोकांना एकदा १४ अंशाच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला, एकदा तसंच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशावर आणलं, म्हणजे अजून वाईटच पण जरा कमी वाईट. मग विचारलं यातलं परत काय कराल, तर दोन तृतीयांशाहून जास्त लोकांनी लांबवालं निवडलं! त्रास एकूण जास्त होता पण शेवट बरा होता. आठवणीत सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट हे दोनच उरतात, किती वेळ चाललं ते फारसं मोजलं जात नाही.

म्हणून खोलीतच किंवा बाहेरच्या बाकावर दोन-तीन मिनिटं बसा, रडणं ओसरू द्या, काहीतरी हसण्यासारखं होऊ द्या आणि मग निघा. तसंही लस घेतल्यावर साधारण अर्धा तास थांबायला सांगतातच. कॅलगरीच्या मेलनी नोएल मुलांच्या दुखण्याच्या आठवणींवर काम करतात, त्यांच्या कामातून एक करण्यासारखी गोष्ट अशी की संध्याकाळी घरी बोलताना जे खरोखर चांगलं झालं ते नाव घेऊन सांगायचं. "तू किती शूर" असं मोघम नाही, "तू लांब फुंकर मारलीस ना, तेव्हा हात कसा सैल होता". आणि बाबा आल्यावर "अहो आज काय रडला माहितीये का" ही कथा रंगवून सांगायची नाही, पोर तिथेच खेळत असतं आणि सगळं ऐकत असतं. दाताच्या डॉक्टरांकडेही हेच, जमलं तर शेवटी एखादं न दुखणारं काम ठेवायला सांगा, पॉलिशिंग, चूळ, काहीही, मोठ्यांनाही ते लागू आहे.

ज्यांना चक्कर येते त्यांनी उलटं करायचं

वर सगळीकडे सैल सोडा म्हटलंय पण सुई किंवा रक्त बघून ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते त्यांच्यासाठी ते चुकीचं आहे. बाकीच्या भीतीत बीपी आणि ठोके चढतात आणि चढलेले राहतात, या एका भीतीत ते आधी चढून मग धाडकन खाली येतात, म्हणून माणूस कोसळतो. यात भित्रेपणा वगैरे काही नाही, चांगले दणकट गडी रक्तदान शिबिरात आडवे होतात. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्त यांनी यावर एक सोपी पद्धत बसवली. पाय, मांड्या, पोट आणि जो हात सुईसाठी नाही तो, सगळं दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं होऊ द्यायचं, एकदम ढिलं पडायचं नाही, आणि परत. असं पाच वेळा. आधी काही दिवस घरी सराव करा, कारण तिथे गेल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर कुठला हात आवळायचा तेच सुचत नाही. सुईवाला हात तेवढा मात्र मोकळाच ठेवायचा. आणि सरळ सांगून टाका की मला चक्कर येते, आडवं करून देतात, कोणी हसत नाही.

मोठ्यांसाठी अजून एक छोटी युक्ती, रक्त काढताना सुई शिरायच्या क्षणी हलकं खोकायचं. २००४ साली जर्मनीत निरोगी लोकांवर हे करून बघितलं तर खोकताना टोचणं कमी दुखलं. सिस्टरना आधी सांगा म्हणजे त्या दचकणार नाहीत.

रोज बोट टोचणाऱ्यांसाठी

घरी ग्लुकोमीटरवर शुगर बघणाऱ्यांना सगळ्यात जास्त वेळा सुई लागते आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. एक पेपरक्लिप सरळ करून तिची दोन टोकं दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकावर हलकी टेकवा, बऱ्याच जणांना दोन टोकं वेगळी कळतात. तीच टोकं दंडावर टेकवली तर एकच कळतं, तिथे दोन कळायला चारेक सेंटीमीटरचं अंतर लागतं. हे मोजायला एकोणिसाव्या शतकात लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबरने सुरुवात केली, सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला अजूनही हे असतं. बोटाच्या टोकाला इतक्या दाटीने नसा आहेत म्हणूनच ती बारीकशी टोच एवढी झोंबते. म्हणून बोटाच्या मधल्या गुबगुबीत भागावर टोचू नका, कडेला टोचा, बोटं आलटून पालटून घ्या, आधी कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करा म्हणजे रक्त पटकन येतं आणि बोट पिळावं लागत नाही, लॅन्सेटची सुई दर वेळी नवी घ्या आणि बोट टोचायच्या पेनवरचा खोलीचा आकडा कमीत कमीवरून सुरू करा.

आणि डायबेटिसवाल्या घरात एक उलटी काळजी असते, दुखणं कळेनासं होण्याची. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवर एक अभ्यास आला होता, त्यांच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यांना जन्मापासून दुखणंच कळत नव्हतं. शोधाची सुरुवात ज्या मुलापासून झाली तो रस्त्यावर हातातून सुऱ्या आरपार घालायचे आणि निखाऱ्यांवर चालायचे खेळ करायचा, चौदावा वाढदिवस यायच्या आत छपरावरून उडी मारून जिवाला मुकला. बाकीच्यांच्या ओठांना, जिभेला चावून चावून इजा झालेली. जुन्या डायबेटिसमध्ये हे तळपायापुरतं हळूहळू होतं, आजोबा म्हणतात हल्ली पाय अजिबात दुखत नाहीत आणि घरच्यांना बरं वाटतं. अशा वेळी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, अंघोळीचं पाणी पायाने न बघता कोपराने बघायचं, चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटकायची आणि फोड किंवा चीर दिसली की ती दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.